रस्त्यावर उभे राहण्याला पर्याय नाही

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद. पीएचडीसाठी तयार डेटासंचावर सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर वाहतुकीची नक्कल, करावे की प्रत्यक्ष चौकांवर वाहनांची मोजणी करून विषय उभा करावा, हा तुझा पेच मी दोनदा वाचला. पहिल्या वाटेने शोधनिबंध लवकर होतील आणि प्राध्यापकपदाची निवड सोपी जाईल, हे तुझे गणित बरोबर आहे. तरीही माझे उत्तर एकच आहे: मोजणी स्वतः कर.

वाहतूक अभियांत्रिकीत आपण जे शिकवतो, ते कोणीतरी रस्त्याकडेला उभे राहून पाहिलेले असते. अमेरिकी वाहतूक अभियंते ग्रीनशील्ड्स यांनी 1930च्या दशकात ओहायोमध्ये वाहनांचे चलच्चित्रण केले आणि 1935मध्ये वेग व घनता (रस्त्याच्या ठरावीक लांबीत असलेली वाहने) यांचा सरळ रेषेतला संबंध मांडला. ती रेषा फार थोड्या बिंदूंवर उभी होती, म्हणून पुढे तिच्यावर टीका झाली. ती टीका पटायला आणि तिच्यापुढे जायला, आपले बिंदू कोणत्या वेळी, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वाहनांचे आहेत हे ठाऊक असावे लागते. दुसऱ्याच्या डेटासंचात तुला आकडा मिळेल. त्या दिवशी एक मार्गिका बंद होती, हे मिळेलच असे नाही.

तू मला अर्थतज्ज्ञ मॅकफॅडन यांचे उदाहरण देतेस आणि गणिती प्रतिमान चांगले असले की पुरते, असे सुचवतेस. इथे मी तुझ्याशी मुळीच सहमत नाही. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील बार्ट या तेव्हाच्या नव्या रेल्वेसेवेचा प्रवासांतला वाटा अधिकृत अंदाजानुसार 15 टक्के राहणार होता, मॅकफॅडन यांच्या चमूचा अंदाज 6.3 टक्के होता आणि प्रत्यक्षात तो 6.2 टक्के निघाला. परंतु त्या अंदाजामागे, नवी सेवा मिळण्यापूर्वीच प्रवाशांकडून गोळा केलेली माहिती होती. त्यांना 2000मध्ये नोबेल मिळाले ते लोक पर्यायांतून निवड कशी करतात याच्या सिद्धांतासाठी, हे खरे; पण बार्टचा तो अंदाज त्या पाहणीवाचून उभा राहिला नसता. म्हणून पुन्हा सांगतो, मोजणी स्वतः कर.

अध्यापनाचा भार संशोधनाला मारक ठरेल, ही भीती मला समजते, कारण तिने मलाही अनेक वर्षे छळले. त्यावर मला सापडलेला मार्ग असा की वर्गच चौकात न्यावा. विद्यार्थ्यांच्या हाती स्टॉपवॉच देऊन त्यांना थांबा-रेषेपाशी उभे करावे, हिरवा दिवा लागल्यावर पहिली चार वाहने सोडून पाचव्यापासून पुढच्या वाहनांमधले कालांतर मोजायला लावावे. ते दोन सेकंदांवर स्थिरावले, तर त्या मार्गिकेचा संपृक्त प्रवाह, म्हणजे दिवा सलग हिरवा राहिला तर तासाला जाऊ शकणारी वाहने, 3600 भागिले 2, म्हणजे हिरव्या वेळेच्या तासाला 1800 वाहने. हे फळ्यावर एका ओळीत होते. परंतु एखादे अवजड वाहन मध्ये आले की ते कालांतर कसे बिघडते, हे ज्याने पाहिले आहे, तो विद्यार्थी वेबस्टर यांचे 1958चे सिग्नलवरील विलंबाचे सूत्र आंधळेपणाने वापरत नाही.

माझी पदोन्नती उशिरा झाली, कारण ज्या काळात सहकारी निबंध लिहीत होते त्या काळात मी मोजणीचे तक्ते भरत होतो. एका निवड समितीने निबंधांची संख्या विचारली आणि माझ्या तक्त्यांकडे पाहिलेही नाही. त्याचे दुःख अजून गेलेले नाही. काही चौकांची सुधारणेनंतरची मोजणी निधीअभावी राहून गेली, याची खंत तर त्याहून मोठी आहे, कारण सुधारणेआधीची स्थिती पुन्हा कधीच मोजता येत नाही आणि नंतरची मोजणी नसेल तर आधीचीही निरुपयोगी ठरते. मात्र माझा मार्ग चुकला, असे मला कधीही वाटले नाही. माझे विद्यार्थी आज इतरांच्या अहवालात कुठला आकडा खोटा वाटतो हे ओळखू शकतात. मला याहून चांगली पावती ठाऊक नाही.

सिम्युलेशन कर, अवश्य कर. जपानी संशोधक सुगियामा आणि सहकाऱ्यांनी 2008मध्ये 230 मीटरच्या वर्तुळावर 22 गाड्या खरोखर चालवून, अडथळा नसतानाही कोंडी निर्माण होते हे दाखवले. गणित हे आधीच सांगत होते, तरीही त्यांनी गाड्या चालवल्याच, हे विसरू नकोस.

मार्गदर्शकांना होकार कळवण्यापूर्वी एक चौक निवड, सकाळच्या गर्दीच्या वेळी तिथे जा आणि वाहनप्रकारानुसार पंधरा-पंधरा मिनिटांची नोंद कर. आलेख काढू नकोस, सरासरीही नको. खाडाखोडीसह तो कच्चा तक्ता मला पाठव; विषयाबद्दल आपण त्यानंतर बोलू.