आधी बाण, मग आकडे

विद्युत प्रभार आणि चुंबकीय बलाच्या गणितांत सूत्रं पाठ आहेत तरी उत्तर चुकतं म्हणतोस, म्हणजे घोळ बहुतेक आकृतीत आहे. आधी प्रत्येक बलाचा बाण काढ, मगच आकडे घाल. प्रभाराचं चिन्ह दिशा ठरवायला वापर. कूलोमच्या सूत्रात (दोन प्रभारांमधलं बल काढायचं सूत्र) चिन्हाशिवाय नुसतं मूल्य टाक.

एककं सांभाळ. 2 आणि 3 मायक्रोकूलोमचे प्रभार हवेत 30 सेंटिमीटरवर असतील, तर बल येतं 0.6 न्यूटन. मायक्रो (म्हणजे दहा लाखावा भाग) विसरलास तर 6 वर 11 शून्यं! (मी एकदा तेही उत्तर चौकटीत लिहून मोकळा झालो होतो.) आणि 0.3 चा वर्ग 0.09 होतो, 0.9 नाही. इथे निम्मे लोक घसरतात.

चुंबकीय बलाचं गणित आलं की आधी हे बघ:
- प्रभार स्थिर आहे? बल शून्य.
- वेग चुंबकीय क्षेत्राला समांतर आहे? तरीही शून्य.
- इलेक्ट्रॉन आहे? उजव्या हाताच्या नियमाने (बोटांवरून बलाची दिशा काढायची रीत) येणारी दिशा उलटी कर.

शाळेतला फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियमही चालतो, पण कुठला तरी एकच हात धर.

प्रवर्तन (बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे वीज निर्माण होणं) वगैरे सध्या राहू दे. दोन प्रभारांची पाच-सहा गणितं जमली की तिसरा प्रभार आण.