बंद लाईनला अर्थिंग कशाला?

प्रश्न : माझा मुलगा नुकताच 220 केव्ही उपकेंद्रात लागला आहे. लाईन दोन्ही टोकांना बंद करून परमिट (कामाची लेखी परवानगी) हातात आलं, तरी अर्थिंग केल्याशिवाय, म्हणजे तार जमिनीला जोडल्याशिवाय, तारेला हात लावू देत नाहीत. वीजच नाही तर भीती कसली, असं तो विचारतो. काय सांगू त्याला?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हेच विचारलं होतं. उत्तर मिळालं 132 केव्हीच्या डबल सर्किट लाईनवर. एक सर्किट बंद, परमिट माझ्या खिशात. डिस्चार्ज रॉडचा, म्हणजे तार जमिनीला जोडायच्या काठीचा, हुक तारेला टेकायच्या आतच चर्र करून ठिणगी उडाली! त्याच टॉवरवरच्या चालू सर्किटने बंद तारेवर काही हजार व्होल्ट चढवून ठेवले होते. ही इंडक्शनची वीज स्विच उघडून जात नाही; तार जमिनीला जोडली तरच जाते. शिवाय कुणी चुकून लाईन चालू केली, तर करंट अर्थिंगमधून वाहतो आणि पलीकडचा ब्रेकर ट्रिप होतो. म्हणून काम चालू आहे त्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग हवं.

त्यातही क्रम फार महत्त्वाचा. लावताना आधी अर्थचा क्लॅम्प घट्ट आवळायचा, मग हुक तारेला. काढताना उलट, आधी हुक. लावताना सहसा कुणी चुकत नाही. संध्याकाळी थकलेले असताना, घरी जायच्या घाईत चूक होते. आमच्या एका सहकाऱ्याने हुक वर तसाच ठेवून खालचा क्लॅम्प सोडायला घेतला होता. तो सुटता तर तारेवरचा सगळा दाब (व्होल्टेज) लीडमधून, म्हणजे हुक आणि क्लॅम्प जोडणाऱ्या वायरमधून, थेट त्याच्या हातात आला असता. मी ओरडलो, तो थांबला. त्यानंतर उतरवायच्या वेळी मी स्वतः समोर उभा राहू लागलो.

यार्डातल्या खडीबद्दलही त्याला सांगा. फॉल्टच्या वेळी, म्हणजे बिघाडाने करंट जमिनीत उतरतो तेव्हा, जमिनीचाच दाब चढतो आणि एका पावलाच्या अंतरातही फरक पडतो. खडीच्या थरामुळे पायातून जाणारा करंट कमी होतो. खडीत माती साचून गवत उगवलं की तो उपयोग घटतो. गवत दिसलं तर त्याने तक्रार नोंदवावी, कुणी हसलं तरी.

आणि रोज रॉड उचलण्याआधी लीड बघायची. तिचं आवरण पारदर्शक असतं ते आतल्या तुटलेल्या तारा दिसाव्यात म्हणूनच. क्लॅम्पजवळचा भाग आधी बघावा, लीड तिथेच जास्त वाकते.