नेदरलँड्समध्ये शनिवार-रविवारी घरच्यांसोबत सायकलवर फिरायला जाणं आपल्याला जमतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यजमानांची बदली नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमजवळच्या ॲमस्टलवेनला झालीय, मुलं सहा आणि दहा वर्षांची, तुमची सायकल कॉलेजनंतर सुटली ती सुटलीच, आणि तिकडची माणसं सुट्टीला सहकुटुंब तीस-चाळीस किलोमीटर सायकल हाणतात हे ऐकून पोटात गोळा आलाय. आपल्याला जमेल का, आणि सुरुवात कुठून करायची?

मी ॲमस्टलवेनमध्येच नऊ वर्षं राहते. जमतं. पण आमचं पहिल्यांदा अजिबात जमलं नव्हतं, म्हणून आधी तेच सांगते.

एप्रिलमधला रविवार होता. चार मराठी कुटुंबं, आठ मोठी माणसं, सहा मुलं. ठरलं मौडनला जायचं. तिथे तेराव्या शतकातला एक किल्ला आहे, मौडरस्लॉट. आपल्या भाषेत भुईकोट: चारी बाजूंनी पाण्याचा खंदक, कोपऱ्यांवर गोल बुरूज. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला तो जरा खेळण्यातला वाटतो, पण मुलांना फार आवडतो. आमच्याकडून साधारण अठरा-वीस किलोमीटर, पूर्वेला. जाताना काय सांगू, सायकली जणू आपोआप पळत होत्या. दीड तासात पोचलो. नागपूरचे एक भाऊजी तर म्हणाले, "आपण उगाच घाबरत होतो, पुढच्या वेळी पन्नास करू."

परत निघालो आणि कळलं की सकाळी सायकल आम्ही चालवत नव्हतोच, वारा चालवत होता. इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणजे पूर्वेला जाताना तो पाठीत, आणि येताना तोंडावर. डोंगर एकही नाही, झाड असलं तर असलं, नुसती सपाट कुरणं. पायडल मारावं तर सायकल जागची हलेना. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची. ती आधी गप्प झाली, मग रडायला लागली, मग सायकल गवतात आडवी टाकून शेजारी बसली. पाठोपाठ आणखी दोघांनी तेच केलं. डबे संपले होते, पाणी संपत आलं होतं. शेवटी कसेबसे वेस्प स्टेशनपर्यंत पोचलो आणि बायका-मुलं सायकलींसकट रेल्वेत चढलो. पुरुषमंडळी मागून वाऱ्याशी झटापट करत दोन-अडीच तासांनी घरी आली. पन्नास किलोमीटरचं नाव नंतर भाऊजींनी काढलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एकच नियम आहे. कुठे जायचं ते आधी ठरवायचं नाही, वारा कुठून आहे ते आधी बघायचं. सकाळी ताजे असताना वाऱ्याच्या तोंडावर निघायचं, म्हणजे येताना तो घरी आणून सोडतो. आम्ही राहतो तिथून हे सोपं आहे. ॲमस्टल नदीच्या काठाने दक्षिणेला औटहोर्नच्या दिशेला निघा, जाताना थोडं झगडा, येताना मजेत या. इथे वाऱ्याचा जोर ब्यूफोर्टमध्ये सांगतात (बोफोर्स नव्हे, आमचे सासरे अजून तेच म्हणतात). चारपर्यंत ठीक. पाच असेल तर लहान मुलांना घेऊन मी बेत रद्द करते. डच लोकांची गोष्ट वेगळी. समुद्राच्या तोंडावर बांधलेल्या ओस्टरस्खेल्डच्या बंधाऱ्यावर ते खास वादळी दिवस गाठून उलट्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धा भरवतात. साडेआठ किलोमीटर, आणि तेही बिनगिअरच्या साध्या सायकलवर! यावर काय बोलणार.

रेल्वेचं ध्यानात ठेवा, कारण अडचणीत तीच सोडवते. शनिवार-रविवारी सायकल गाडीत दिवसभर नेता येते, फक्त तिचं वेगळं तिकीट काढायचं. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते नऊ आणि दुपारी चार ते साडेसहा मात्र नेता येत नाही. घडीची सायकल फुकट जाते. डब्यात जागा थोडी असते, त्यामुळे चार कुटुंबांनी एकाच डब्यावर धाड घालू नये. आम्ही घातली होती.

आता तुमच्या स्वतःच्या सायकलीबद्दल. साताऱ्यात तासावर भाड्याने सायकल आणून मी शिकले. आधी दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल, मग फुल पायडल, मग एकदाची सीटवर. ते अंगातून जात नाही हे खरं, पण इथे दोन गोष्टी दगा देतात. एक म्हणजे उंची. डच माणसं जगातल्या सर्वांत उंच लोकांत मोडतात आणि त्यांच्या सायकलीही तशाच. दुकानदार तुमच्यापुढे 'बायकांची' म्हणून जी सायकल ठेवेल, तिच्यावर बसल्यावर आपले पाय जमिनीला लागत नाहीत. लाजू नका, सरळ मोठ्या मुलांच्या मापाची मागा. माझी तीच आहे, आणि स्वस्तही पडली.

दुसरं ब्रेक. साध्या डच सायकलीला बहुतेकदा हँडलवर ब्रेक नसतो. पायडल उलटं फिरवलं की मागचं चाक थांबतं. आपल्याला सवय काय, तर सिग्नलला थांबलो की पायडल उलटं फिरवून पायाखाली नीट आणून ठेवायचं, उतारावर उगीच मागे फिरवत करकर आवाज काढायचा. इथे ते केलंत की सायकल जागीच गच्च. पहिल्याच दिवशी इमारतीच्या आवारात मी दोनदा हँडलवर आपटले. तिसऱ्यांदा आमच्या मजल्यावरच्या डच आजी बाल्कनीतून म्हणाल्या की पाय थांबव आणि नुसतं सुटू दे. एक आठवडा रोज संध्याकाळी वीस मिनिटं आवारातच चालवा, मग रस्त्यावर या. हवं तर हँडब्रेक आणि गिअरवाली जुनी सायकल शोधा. जुन्या सायकलींचा बाजार इथे मोठा आहे. नवी कोरी घेऊन स्टेशनबाहेर लावायची चूक करू नका. सायकलचोरी इथे रोजची आहे. मागच्या चाकाचं कुलूप असतंच, वर जाड साखळी घालून ती खांबाला अडकवा.

रस्त्याचे नियम मुलांकडून शिकाल. इथे शाळेतच मुलांची सायकल आणि रहदारीची परीक्षा होते. रस्त्यावर पांढरे त्रिकोण रंगवलेले असतात, त्यांना 'शार्कचे दात' म्हणतात. टोकं आपल्याकडे असतील तर आपण थांबायचं. मला हे लेकीनेच ओरडून शिकवलं: "आई, दात! दात!" वळताना हात दाखवायचा, हातात मोबाइल धरायचा नाही (२०१९पासून त्याला दंड आहे), अंधारात पुढेमागे दिवा हवाच. आणि दोघांपेक्षा जास्त जणांनी शेजारी शेजारी चालवायचं नाही. हे आपल्या लोकांना सगळ्यांत कठीण जातं. चार मैत्रिणी गप्पा मारत आडव्या चालल्या की मागून घंटी वाजते, आणि घंटीनंतर जे डच ऐकू येतं ते वर्गात शिकवत नाहीत. कॅरिअरवर डबलसीट मात्र चालतं. डबलसीटला पोलीस पकडायचे त्या काळातल्या माझ्या वडिलांना हे बघून फार आनंद झाला.

पहिल्या फेऱ्यांसाठी ॲमस्टरडॅमसे बोस, म्हणजे आपल्या दाराशी असलेलं जंगल. हे मुळात रानच नव्हे. १९३०च्या दशकातल्या मंदीत बेकारांच्या हाताला काम म्हणून माणसं लावून, झाडं लावून ते उभं केलं. आपल्या रोजगार हमीसारखंच म्हणा ना. आत गाड्यांचा त्रास नाही आणि एक शेळ्यांचं फार्म आहे, तिथे मुलं बाटलीने करडांना दूध पाजतात. सहा वर्षांच्या मुलाला सायकलवर बसवायला एवढं आमिष पुरे.

तिथे महिनाभर सराव झाला की रोंड हूप. माझी ही सगळ्यात लाडकी फेरी. आउडरकेर्क गावापासून सुरू होते, एका गोल पोल्डरच्या कडेने बांधावरून फिरून साधारण सतरा किलोमीटरने पुन्हा तिथेच येते. पोल्डर म्हणजे पाणी उपसून, बांध घालून वापरात आणलेली सखल जमीन. तुम्ही बांधावरून चालता तेव्हा एका हाताला नदी वर असते आणि दुसऱ्या हाताला गाई खाली. मधल्या भागात घरं नाहीत, नुसती कुरणं. वसंतात तिथे ग्रुटो नावाचा लांब चोचीचा पक्षी अंडी घालायला येतो. हा डच लोकांचा राष्ट्रीय पक्षी. भिगवणला हिवाळ्यात मालगुजा दिसतो, तो याच जातीचा.

मागच्या मे महिन्यात सासूबाई आल्या होत्या. त्यांना सायकल येत नाही, त्यांच्या माहेरी मुलींना शिकवायची पद्धत नव्हती. आम्ही शेजाऱ्यांची बाकफीट्स मागून आणली, म्हणजे पुढे लाकडी पेटी असलेली सायकल, मुलं आणि भाजीपाला नेतात ती. पेटीत उशी टाकली, त्यांना शाल पांघरली, मांडीवर धपाट्यांचा डबा, आणि ह्यांनी पायडल मारायला सुरुवात केली. पहिली दहा मिनिटं त्या पेटीची कड घट्ट धरून रामरक्षा म्हणत होत्या. मग एकदम हसायला लागल्या. "अगं, हे बघ, नुसतं फाटक! कुंपण कुठाय?" मी त्या वाटेने पन्नासदा गेले असेन, पण ते कधी लक्षात आलं नव्हतं. शेताच्या तोंडाशी एकुलतं एक लाकडी फाटक उभं, दोन्ही बाजूंना काही नाही. कारण कुंपणाचं काम पाण्याचे चर करतात. गाय चर ओलांडत नाही, फक्त ये-जा करायच्या जागी फाटक लागतं. त्या दिवशी त्यांनी एकूण एकतीस फाटकं मोजली. आता साताऱ्याहून शनिवारी फोन आला की आधी विचारतात, उद्या वारा कुठून आहे.

रस्ता चुकायची भीती नको. इथे चौकाचौकांना क्रमांक दिलेत. समजा ५४ वरून ६१ ला जायचंय, तर वाटेवर ६१ची खूण बाणासकट दिसत राहते. ही कल्पना शेजारच्या बेल्जियममधली, ह्यूगो बोलन नावाच्या खाणीतल्या इंजिनिअरची. खाणीतल्या वाटा बघून त्याला सुचली, आणि १९९५मध्ये तिथल्या लिम्बुर्ग प्रांतात पहिलं जाळं सुरू झालं. आम्ही सगळे आकडे क्रमाने चिठ्ठीवर लिहून मुलीच्या हँडलला चिकटवतो. पुढारी तीच. मुलगा मागे पडला तर थांबायचा हुकूम तिनेच सोडायचा. सगळ्यात हळू चालवणारा तिच्या पाठोपाठ, सगळ्यात तगडा शेवटी, पंप आणि पंक्चरचं सामान घेऊन. हे आम्ही मौडननंतर शिकलो.

एवढे सुरक्षित रस्ते इथे आयते आले, असं समजू नका. १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यावरच्या अपघातांत सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. त्यानंतर आईबाप रस्त्यावर उतरले. 'मुलांच्या हत्या थांबवा' असंच त्या चळवळीचं नाव होतं. १९७३च्या तेलटंचाईत रविवारी गाड्या बंद ठेवल्या, तेव्हा मोकळ्या हमरस्त्यांवर लोक सायकली घेऊन आले. एके काळी सायकलींचं शहर म्हणवणारं पुणं त्याच सुमाराला स्कूटरकडे वळू लागलं होतं. असो, हा विषय निघाला की मी थांबत नाही.

हेल्मेटची सक्ती नाही, डच मुलं सहसा घालत नाहीत. आमची घालतात. हसू दे कोणाला हसायचं तर.

खाण्याचं आणि बाकीचं: दर पाच-सहा किलोमीटरला बाकडं मिळतं, खानावळ मिळेलच असं नाही. धपाटे, दशम्या, दडपे पोहे उत्तम. इडली नको, वाऱ्यात कोरडी पडते. स्वच्छतागृह ही बायकांची खरी अडचण आहे आणि हे कोणी आधी सांगत नाही. रस्त्यात फुकटची सोय जवळपास नसते. म्हणून वाटेवर एखादा कॅफे येईल असाच मार्ग निवडा, सुटी नाणी खिशात ठेवा. रेनकोट कायम पिशवीत, छत्री नाही. निघण्याआधी पावसाचं रडार बघा. इथे सगळे बघतात, आणि 'अकरा वाजून दहा मिनिटांनी पाऊस थांबेल' असं खुशाल सांगतात. बहुतेक वेळा थांबतोही.

पुढे कधी मार्केन बेटावर जाल. ॲमस्टरडॅम सेंट्रल स्टेशनच्या मागून फेरीबोट फुकट आहे, सायकलसकट. पलीकडून डुर्खरडामवरून पाण्याच्या कडेने जायचं. मार्केन १९५७पर्यंत खरंखुरं बेट होतं, मग बांध घालून जोडलं. त्या शेवटच्या बांधावर आडोसा म्हणून काही नाही. तुमचं धाकटं आठ-नऊ वर्षांचं झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका, आणि गेलात तर वाऱ्याचा बाण दोनदा तपासा.

सायकली भारतातून आणायच्या का, असंही शेवटी विचारलंय तुम्ही. नका आणू. त्या वजनात भाजणी, मेतकूट आणि कुकरच्या दोन जादा रिंगा बसतील.