धुरे, बांध्या आणि तलाव

प्रश्न : आमच्या दारव्हा तालुक्यात धुरे (शेतांच्या हद्दीवरचे बांध) अरुंद झाले, ज्वारी दिसेनाशी झाली. भंडाऱ्याकडे मात्र बांध्या (धानासाठी बांध घातलेले शेताचे तुकडे) आणि तलाव अजून टिकून आहेत. एकाच विदर्भात एवढा फरक कसा?

उत्तर : याचे मूळ जमीन आणि जमीनव्यवस्था या दोहोंत आहे. वऱ्हाड, म्हणजे तुमचा दारव्हा ज्यात येतो तो पश्चिम विदर्भ, 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली आले व तेथे रयतवारी लागू झाली. शेतकरी थेट सरकारला सारा भरू लागला आणि अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (1861-65) भाव चढल्यावर काळ्या जमिनीत कापूस पसरला. तरीही कडब्यासाठी ज्वारी टिकून होती. पुढे बैल कमी झाले, सोयाबीन आले, 2002 नंतर बीटी कपाशी वाढली आणि ज्वारीचे कारणच उरले नाही. वाटण्यांमुळे शेतांचे तुकडे वाढले, पण पीक सगळीकडे तेच. ट्रॅक्टर वळवण्यासाठी धुऱ्यावरची बाभूळ, बोर गेली. माझ्या मते वऱ्हाडाचे खरे नुकसान हेच आहे, आणि त्याची नोंद सातबाऱ्यावर होत नाही.

पूर्वेकडे, भंडारा भागात, मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार गोळा करून सरकारला भरत असे. तेथील अनेक तलाव कोहळी समाजाने बांधले, मालगुजारांनी राखले. 1951 मध्ये मालगुजारी संपल्यावर ते सरकारकडे गेले. पुढे अनेकांत गाळ साचला, काहींच्या पोटात अतिक्रमणे झाली. बांध्या मात्र टिकल्या, कारण पाणी अडवल्याशिवाय धान होत नाही आणि बांध मोडणे कोणालाच परवडत नाही.