वाचक विचारतात : सगळ्या घरांना एकच लाइन प्रोफाइल का चालत नाही?

प्रश्न : साखर कारखान्याच्या वसाहतीत जुन्या टेलिफोन केबलवर 24 पोर्टचा एडीएसएल2+ डीएसलॅम (टेलिफोनच्या तारेवरून घरोघरी इंटरनेट देणारं यंत्र) चालवतो. सगळ्या पोर्टना कमाल 16 एमबीपीएसचं एकच प्रोफाइल (वेगाची मर्यादा आणि लाइनच्या इतर सेटिंगचा संच) लावलंय. जवळची घरं बिनतक्रार चालतात. दोन किलोमीटरवरच्या चाळीत मात्र गळीत हंगाम सुरू झाला की लाइन दिवसातून आठ-दहा वेळा तुटते. काय बदलू?
— एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : आधी त्या चाळीतल्या एखाद्या मोडेमचं स्टेटस पान उघडून चार आकडे लिहून घ्या : डाउनस्ट्रीम अटेन्युएशन (घराकडे येताना सिग्नल किती क्षीण होतो), एसएनआर मार्जिन (सिग्नल गोंगाटापेक्षा गरजेहून किती वर आहे), अटेनेबल रेट (लाइनची वेगाची कुवत) आणि सीआरसी एरर (बिघडून पोचलेल्या डेटाची मोजणी). 0.5 मिमी तारेला किलोमीटरमागे ढोबळ 14 डीबी धरा, म्हणजे तुमच्या अंतराला 28 च्या आसपास. 0.4 मिमी केबल असेल तर थोडं जास्त येईल. पण 40 दिसत असेल तर पिलर (रस्त्याकडेची केबल-जोडणीची पेटी) आणि डीपीतले (घरांजवळच्या जोडणी-डब्यातले) जोड उघडा. गंजलेला जोड कुठल्याच प्रोफाइलनं बरा होत नाही.

अटेन्युएशन ठीक असेल तर दोष त्या 16 मध्ये आहे. लाइनची कुवत 14 ची असताना 16 ची मर्यादा घालणं म्हणजे मर्यादा न घालणंच. मोडेम सगळी कुवत वेगात ओततो, मार्जिन जेमतेम प्रोफाइलमध्ये ठरवलेल्या टार्गेटइतकं, बहुधा 6 डीबी, उरतं. कारखान्याच्या मोटारी फिरायला लागल्या की तेही जातं. चाळीसाठी वेगळं प्रोफाइल करा : कमाल 10 एमबीपीएस, टार्गेट मार्जिन 9 डीबी. उरलेली कुवत आपोआप मार्जिनमध्ये जमा होते. किमान वेग 512 केबीपीएस ठेवा. तो 8 एमबीपीएस ठेवलात तर एखाद्या वाईट दिवशी लाइन जुळणारच नाही.

मार्जिन मात्र हात सैल सोडून वाढवू नका. दर 3 डीबीला वापरातल्या प्रत्येक टोनवरचा (लाइनवरच्या छोट्या वारंवारता-पट्ट्यावरचा) साधारण एक बिट जातो. 250 टोन चालू असतील तर तेवढ्यातच 1 एमबीपीएस गेला.

मोटारी, वेल्डिंग, कॉन्टॅक्टर यांचा त्रास क्षणिक झटक्यांचा असतो. त्यावर खरा इलाज इंटरलीव्हिंग, म्हणजे डेटा दुरुस्तीच्या बाइटांसह विखरून पाठवणं : डिले 8 मिलिसेकंद, आयएनपी (झटका पचवायची पातळी) 2. आयएनपी 2 म्हणजे सुमारे अर्ध्या मिलिसेकंदाचा झटका पचतो. सीआरसी तरीही धावत असेल तर आयएनपी 4 करा, पण डिलेही 16 करा. नाहीतर दुरुस्तीचे बाइट वेग खातात. पिंग (उत्तर परत यायला लागणारा वेळ) वाढेल, गेम खेळणारी पोरं कुरकुरतील, एवढंच. जवळच्या घरांना हे लावायची गरज नाही.

चालू प्रोफाइलमध्येच आकडे बदलू नका, बहुतेक डीएसलॅमवर त्याला जोडलेले सगळे पोर्ट एकदम रीट्रेन होतात, म्हणजे तुटून पुन्हा जुळतात. नवं प्रोफाइल बनवून आधी एकाच पोर्टला लावा, एररचे काउंटर शून्यावर आणा आणि कारखान्याच्या तिन्ही पाळ्या होईपर्यंत थांबा. लाइन फक्त पावसातच तुटत असेल तर हा सगळा खटाटोप सोडून जोडच शोधा.

प्रश्न : फोन उचलला की इंटरनेट जातं. प्रोफाइल बदलून घ्यावं का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नको. घरातला एखादा पॅरलल फोन फिल्टरशिवाय (फोन आणि इंटरनेटचे सिग्नल वेगळे ठेवणाऱ्या डबीशिवाय) जोडलेला असणार. प्रत्येक फोनच्या आधी फिल्टर हवा, मोडेमच्या वायरीत नको. तीन-चार फोन असतील तर वायर घरात शिरते तिथेच एक स्प्लिटर बसवा आणि मोडेमला तिथून सरळ वेगळी जोडी न्या. फिल्टर असूनही हेच होत असेल आणि फोनवर खरखर ऐकू येत असेल, तर लाइनमनला ड्रॉप वायर (बाहेरून घरात येणारी तार) तपासायला सांगा.