बोका आणि भाटी एकाच घरात: नसबंदी कधी करावी?

चार महिन्यांची भावंडं, एक बोका, एक भाटी, कोथरूडचा फ्लॅट आणि घरचे म्हणताहेत 'ती एकदा व्याली की मग बघू'. अजिबात थांबू नका! मांजरांना भाऊ-बहीण कळत नाही, आणि भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातच माजावर येऊ शकते. दोघांचंही पाच महिन्यांच्या आत उरका. 'एकदा तरी व्यायला हवी' हा निव्वळ गैरसमज. उलट पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालं तर पुढे स्तनाच्या गाठींचा धोका बराच कमी होतो.

एकाचंच आधी जमणार असेल तर? बोक्याचं सोपं आणि स्वस्त, म्हणून आम्ही आमच्या बोक्याचं आधी केलं आणि निर्धास्त झालो. पण नसबंदीनंतरही काही आठवडे बोका बाप होऊ शकतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. साधारण नऊ आठवड्यांनी आईच्या पैठण्यांच्या कपाटात चार पिल्लं! त्यामुळे बोक्याच्या नसबंदीनंतरचे ते काही आठवडे दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा, नाहीतर एकाच दिवशी दोघांना न्या.

ऑपरेशनआधी किती तास उपाशी ठेवायचं ते डॉक्टरांनाच विचारा, लहान पिल्लांना रात्रभर उपास झेपत नाही. नंतर भाटीला दहाएक दिवस कॉलर, टाके चाटू द्यायचे नाहीत.