फी आम्ही भरतो, मग मार्क आम्हाला का दाखवत नाहीत?

कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं करता येतात अशा सरकारी कॉलेजात, मी समुपदेशक आहे. मराठी पालक भेटले की हा प्रश्न निघतोच. एका जानेवारीत तोच घेऊन एक जोडपं माझ्याकडे आलं. (त्यांची आणि मुलाची परवानगी घेऊन लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वडील मूळचे इचलकरंजीचे, इंजिनिअर, इथे येऊन वीस वर्षं झालेली. आईंनी बसल्याबसल्या पर्समधून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलची. पहिले दोन प्रयोग नीट उतरवलेले, तक्त्याच्या रेघा पट्टीने आखलेल्या, आकडे पेन्सिलीने. तिसऱ्या प्रयोगाचं नुसतं नाव. पुढे सगळी पानं कोरी.

"चार महिने रोज साडेआठला बॅग घेऊन निघत होता हो ताई," त्या म्हणाल्या. "डबासुद्धा रोज संपवून आणायचा."

वडिलांचा राग कॉलेजवर होता. "आमच्या वेळी हजेरी कमी पडली की डिफॉल्टर लिस्ट लागायची. घरी पत्र यायचं. इथे मी खिडकीवर विचारलं तर म्हणतात, मुलाच्या सहीशिवाय काही सांगता येणार नाही. आणि फी कोण भरतंय?"

सांगता मलाही येत नव्हतं. अमेरिकेत 1974 पासून फर्पा नावाचा कायदा आहे. शाळेत असेपर्यंत मुलाच्या नोंदी पाहण्याचा हक्क आईवडिलांचा. मूल अठरा वर्षांचं झालं किंवा कॉलेजात गेलं की तो हक्क मुलाचा होतो, मग कॉलेजात त्याचं वय सतरा का असेना आणि फी कुणीही का भरेना. करासाठी मूल तुमच्यावर अवलंबून असेल तर कॉलेज तुम्हाला माहिती देऊ शकतं, पण तशी सक्ती नाही आणि बरीच कॉलेजं देत नाहीत. पालकांना हे फार लागतं. तरीही मला हा कायदा योग्य वाटतो. आईवडिलांना आपलं पोर कुठे अडलंय हे खिडकीवरच्या कारकुनाकडून कळावं, असं मला वाटत नाही. ते पोराच्या तोंडूनच कळायला हवं. मी त्यांना एवढंच म्हटलं, "त्याला माझ्याकडे पाठवा. आणि ही वही परत त्याच्या टेबलावर ठेवा, आहे तशी."

दोन दिवसांनी तो आला. मराठी छान बोलत होता, आईच्या वळणाचं. फोनवर स्वतःचा निकाल काढून त्याने माझ्यापुढे धरला. इथे प्रत्येक विषयाचं वजन युनिटांत मोजतात. त्याने पंधरा युनिटं घेतली होती. इंग्रजी आणि सायकॉलॉजी तीन-तीन युनिटांचे, दोन्हींत बी. पाच युनिटांचं कॅल्क्युलस वेळेत सोडलेलं, तिथे डब्ल्यू, म्हणजे 'विषय सोडला'. चार युनिटांच्या फिजिक्समध्ये एफ, म्हणजे नापास. सरासरी चारपैकी 1.8. ती 2.0 च्या खाली गेल्यामुळे प्रोबेशनची, म्हणजे निकाल सुधारण्याची ताकीद देणारी, ईमेल आली होती आणि समुपदेशकाला भेटेपर्यंत पुढची नोंदणी अडवून ठेवलेली होती.

"फिजिक्सला मी सहा आठवड्यांनंतर गेलोच नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, नाव आपोआप निघालं असेल."

ही चूक मी दर सत्रात पाहते. न जाणं म्हणजे विषय सोडणं नव्हे. पहिल्या दोन आठवड्यांत विषय सोडला तर फी परत मिळते. साधारण सत्राचा पाचवा भाग होईपर्यंत सोडला तर निकालपत्रावर काही खूण राहत नाही. तिथून पाऊण सत्रापर्यंत सोडला तर डब्ल्यू लागतो. तो दिसतो, पण सरासरीत धरत नाहीत. त्यानंतर मात्र जो ग्रेड पडेल तो पडेल. सुरुवातीला वर्गात न येणाऱ्याचं नाव प्राध्यापक कधी काढतात, पण सहा आठवड्यांनंतर त्या भरवशावर बसता येत नाही. याला फक्त कॉम्प्युटरवर एक बटण दाबायचं होतं.

का दाबलं नाही, हे त्याने पुढच्या भेटीत सांगितलं. यूसीमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, त्याला हवा तिथे प्रवेश मिळाला नव्हता. मित्र बर्कलीला, सॅन डिएगोला गेले. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी आईला विचारलं, "कुठे मिळालं मग?" आई म्हणाली, "अजून ठरतंय." तेव्हा कॉलेज सुरू होऊन तीन आठवडे झाले होते आणि हा शेजारी प्रसादाची ताटली घेऊन उभा होता.

"म्हणून मला सगळं पटापट संपवायचं होतं," तो म्हणाला. फिजिक्सच्या पहिल्या परीक्षेत शंभरात एकतीस आले. विषय सोडला असता तर घरी सांगावं लागलं असतं. म्हणून तो रोज लायब्ररीच्या दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसायचा आणि दुपारी डबा खायचा.

आईवडिलांना मी वेगळं भेटले. त्याच्याबद्दल काही बोलले नाही. नियम मात्र सांगितले, कारण ते सगळ्यांसाठी खुले आहेत. विषय पुन्हा घेऊन पास झाला तर एफ निकालपत्रावर राहतो, पण कॉलेजच्या सरासरीतून निघतो. एका विषयाला साधारणपणे तीन संधी मिळतात. वडिलांनी हळूच विचारलं, "मेडिकल सर्टिफिकेट दिलं तर?" आजार, अपघात, घरातलं संकट खरोखर असेल तर त्यासाठी वेगळी सवलत आहे, ती मागायलाच हवी. नसेल तर खोटा कागद मी पुढे पाठवणार नाही, असं मी स्पष्ट म्हटलं. ते गप्प झाले, मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

कम्युनिटी कॉलेज म्हणजे उरलेल्यांची जागा, ही समजूत आपल्या लोकांत घट्ट बसलेली आहे. राज्यात अशी 116 कॉलेजं आहेत. राज्यातल्या रहिवाशाला युनिटला 46 डॉलर पडतात. म्हणजे त्याची पंधरा युनिटं 690 डॉलरची, वर आरोग्याचं वगैरे किरकोळ शुल्क. यूसीची वर्षाची नुसती फी चौदा हजारांच्या वर जाते. 1960 च्या राज्याच्या शिक्षण आराखड्यातच या कॉलेजांतून विद्यापीठात जाण्याची वाट आखलेली आहे. साठ युनिटं आणि ठरलेले विषय झाले की तिसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ इथे तर अटी पूर्ण केल्यास प्रवेशाची लेखी हमी मिळते, मात्र तो अर्ज सप्टेंबरातच करावा लागतो आणि काही शाखा त्यातून वगळलेल्या असतात. बर्कलीला अशी हमी नाही, पण तिथेही दर वर्षी कम्युनिटी कॉलेजची मुलं जातात. पदवीच्या कागदावर विद्यापीठाचंच नाव असतं.

आणखी एक. "आपल्याला कुठे मिळणार" म्हणून या घराने आर्थिक मदतीचा फाफ्सा फॉर्म भरलाच नव्हता. पहिल्यांदा कॉलेजात येणाऱ्या आणि किमान बारा युनिटं घेणाऱ्या विद्यार्थ्याला अनेक कॉलेजं उत्पन्न न पाहता पहिली दोन वर्षं ही युनिटांची फी माफ करतात, पण फॉर्म भरलेला लागतो. तो भरा हो, पगार कितीही असला तरी.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात त्याने आठच युनिटं घेतली, कॅल्क्युलस आणि इतिहास. माफी बारा युनिटांना असल्यामुळे 368 डॉलर भरावे लागले. फिजिक्स पुढच्या सत्रावर ठेवलं. वडिलांना आठ हा आकडा आवडला नव्हता. पण आदल्या रात्री मुलाने निकाल स्वतःच्या हाताने त्यांच्यासमोर उघडला होता. तासभर कुणी बोललं नाही, असं आईंनी मला नंतर सांगितलं. मग वडिलांनी विचारलं, "हे युनिट म्हणजे नक्की काय असतं?" आणि मुलगा समजावत बसला.

फेब्रुवारीत आईंचा फोन आला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर एप्रिलच्या एका चौकोनात मुलाने लाल पेनने लिहून ठेवलं होतं: 'कॅल्क्युलस सोडायचं असेल तर आजपर्यंत.' "सोडणार नाहीये म्हणतो," त्या म्हणाल्या, "पण लिहून ठेवलंय."